जळक्या रेझिस्टरचा माग

लिओ फेंडरने १९५१ साली इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला ‘बेसमन’ नावाचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. त्या पहिल्या वीसेक वर्षांतले अ‍ॅम्प आजही वाजतात, बिघडतात, दुरुस्तीला येतात. मागची फळी काढली की पुष्कळदा आउटपुट व्हॉल्व्हच्या सॉकेटपाशी एक काळा ठिक्कर पडलेला रेझिस्टर सापडतो. तो बदलायचं काम तेव्हाही काही मिनिटांचंच होतं. बदलत गेली ती त्याच्याकडे बघायची नजर.

सुरुवातीला या दुरुस्तीचं कुणाला अप्रूप नव्हतं. अमेरिकेत तेव्हा औषधांच्या दुकानांतसुद्धा व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र उभं असे. लोक घरच्या टीव्हीचे व्हॉल्व्ह पिशवीतून आणत, तपासत, मेलेला बदलून नेत. बेसवाल्याचा अ‍ॅम्प रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडेच जाई. तो जळका रेझिस्टर छाटून खणातला दुसरा लावी आणि वादक रात्रीच्या कार्यक्रमाला पोचे. किंमत पट्ट्यांवरून वाचायची: पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७० ओहम. (रंगांचा हाच क्रम आपल्याकडच्या पोरांनी ‘बी. बी. रॉय’ या आद्याक्षरांच्या वाक्याने घोकला.) पट्ट्याच जळून गेल्या असतील तर शेजारच्या व्हॉल्व्हचा रेझिस्टर बघायचा. आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने असतात, त्यामुळे तेवढी सोय होती.

या ४७० ओहमपाशी जरा थांबायला हवं, कारण खरी गोम तिथे आहे. साठच्या दशकातल्या फेंडर अ‍ॅम्पमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडकडे जाणारी वीज या एक वॅटच्या रेझिस्टरमधून जाते. एक वॅटच्या हिशेबाने त्याला साधारण ४६ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह सोसतो. व्हॉल्व्ह आतल्या आत शॉर्ट झाला की सुमारे ४५० व्होल्टचा सगळा भार त्याच्यावर पडतो. कागदावर मांडलं तर ही ४०० वॅटांहून जास्त उष्णता झाली. प्रत्यक्षात तेवढी व्हायच्या आत तो जळून तुटतो. कधी बायसचा ऋण दाब नाहीसा होतो आणि व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढू लागतो. कधी स्पीकरची वायर निसटलेली असते आणि तसंच जोरात वाजवल्यामुळे सॉकेटवर ठिणगी उडालेली असते. व्हॉल्व्ह, बायस, वायर यांपैकी काहीच न तपासता नुसता रेझिस्टर बदलला, तर नवाही त्याच वाटेने जाणार. घाईत असलेल्या दुरुस्तीवाल्यांनी हे किती वेळा केलं असेल ते जुने अ‍ॅम्प उघडल्यावर कळतं: एकाच टॅगवर दोन-तीन काळातल्या सोल्डरचे थर.

बेसवाल्यांना आवाज कमीच पडत असे, आणि त्यातून पुढचं घडलं. एव्हरेट हल हा स्वतः बेसवादक. त्याच्या अँपेग कंपनीचा १९६० चा बी-१५ जेमतेम २५ वॅटचा होता, तरी डेट्रॉइटच्या मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन याला क्लबांत तो पुरला. मैदानातल्या गर्दीला पुरणार नव्हता. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर अँपेगचे एसव्हीटी अ‍ॅम्प गेले: ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह आणि आत सुमारे ७०० व्होल्ट. सुरुवातीला त्यात ६१४६ हे मुळात रेडिओ प्रक्षेपकासाठी बनलेले व्हॉल्व्ह होते. ते भरवशाचे ठरले नाहीत, म्हणून लवकरच ६५५० आले. शिवाय अशा अ‍ॅम्पमध्ये छापील सर्किट बोर्ड होता. बोर्डावर रेझिस्टर जळाला की खालचा बोर्डही करपतो आणि करपलेला भाग स्वतःच वीज वाहू लागतो. तिथे रेझिस्टर बदलून भागत नाही, काळा भाग पार खरवडून काढावा लागतो.

सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टर सगळीकडे पसरले. आरसीएने १९७६ मध्ये न्यू जर्सीतला व्हॉल्व्हचा कारखाना बंद केला. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प जुन्या सामानाच्या भावात गेले आणि जळक्या फ्यूजला चंदेरी कागद गुंडाळायचे प्रकार या पडत्या काळात झाले. मग वारं फिरलं. संग्राहक आले, भाव चढले, आणि जुना कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरच हवा असा हट्ट सुरू झाला.

हा रेझिस्टर म्हणजे कार्बनची पूड चिकटद्रव्यात दाबून केलेली कांडी. ती दमटपणा शोषते, खरखरते, आणि वर्षं गेली की तिचा रोध वाढतो. १०० किलोओहमचा मीटरवर १३० दाखवतो. आउटपुट व्हॉल्व्हच्या लगेच आधीच्या टप्प्यांत, जिथे सिग्नलचे व्होल्ट मोठे असतात, तिथे तिच्यामुळे आवाजात किंचित गोडवा येतो, हे मी वादापुरतं मान्य करीन. स्क्रीनच्या जागी मात्र हा हट्ट मला निव्वळ अंधश्रद्धा वाटते. तिथे ४७० ओहमचाच, पण दोन-तीन वॅटचा, पेट न घेणारा मेटल ऑक्साइड रेझिस्टर लावावा, बोर्डापासून थोडा उचलून, म्हणजे हवा खेळते. जोडीतला दुसरा धड दिसला तरी तोही बदलावा. अ‍ॅम्प मौल्यवान असेल तर काढलेले तुकडे पुडीत घालून पेटीतच ठेवावेत. पुढच्या मालकाला इतिहास कळेल.

हे वाचून कुणाला स्क्रूड्रायव्हर उचलावासा वाटला, तर एक विनंती. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज उरते. ती जास्त वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरवर दाब दहा व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय आत हात घालू नका. दुरुस्तीनंतरची पहिली सुरुवातही थेट करू नका. आपले रेडिओवाले लावत तसा सिरीज बल्ब मध्ये लावा. तो लखलखीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा, मूळ दोष अजून आतच आहे.