म्हणी गावाच्या, विचार कुणाचा?

१९४५ साली बेल्जियन काँगोतल्या एलिझाबेथव्हिल शहरात, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, एक छोटेसे फ्रेंच पुस्तक निघाले. लेखक प्लासिड टेम्पेल्स हे फ्रान्सिस्कन पंथाचे बेल्जियन धर्मोपदेशक. १९३३ पासून काटांगा भागात बालुबा या बांटू लोकांमध्ये राहून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. बाप्तिस्मा घेतलेला माणूससुद्धा संकट आले की वाडवडिलांच्या उपायांकडेच वळतो. ही नुसती सवय किंवा अंधश्रद्धा नसून तिच्या मुळाशी जगाविषयीची एक पक्की विचारव्यवस्था आहे, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकाचे नाव होते ‘बांटू तत्त्वज्ञान’.

हे दोन शब्द शेजारी बसलेले पाहण्याची युरोपला सवय नव्हती. अठराव्या शतकात स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने एका तळटीपेत कृष्णवर्णीयांना जन्मजात कनिष्ठ ठरवून टाकले होते. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने बर्लिनमधल्या व्याख्यानांत आफ्रिकेला जगाच्या इतिहासाबाहेर बसवले होते.

टेम्पेल्स यांची मांडणी सुबक होती. युरोपीय माणूस ‘असणे’ ही स्थिर गोष्ट मानतो. बांटू माणसाच्या लेखी असणे म्हणजे शक्ती. ती वाढते, घटते, एकाकडून दुसऱ्याकडे पोचते. देव, पूर्वज, वडीलधारे, हयात माणसे, जनावरे, झाडे, दगड अशी तिची उतरंड. आजारपण म्हणजे या शक्तीला लागलेली ओहोटी, आणि आशीर्वाद, शाप, ताईत हे तिचे व्यवहार. मेख पुढेच होती. हे तत्त्वज्ञान बांटूंना स्वतःला शास्त्रशुद्ध मांडता येणार नाही, ते त्यांना उलगडून दाखवणे हे आपले काम, असेही टेम्पेल्स यांनी लिहून ठेवले. तत्त्वज्ञान त्यांचे, तत्त्वज्ञ मात्र आम्ही!

मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी १९५० साली वसाहतवादावरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तिकेत यावर जळजळीत टोला हाणला. त्यांच्या टीकेचा मथितार्थ असा, की बांटूंना बरा पगार, बरे घर, पोटभर अन्न यांची गरजच उरली नाही, त्यांच्या ‘शक्ती’चा मान राखला की साहेबाचे कर्तव्य संपले. काटांगातल्या तांब्याच्या खाणी तेव्हा जोरात चालल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे टोला किती वर्मी बसला ते कळते.

तरीही आफ्रिकी विद्वानांनी पुस्तक फेकून दिले नाही. पॅरिसच्या ‘प्रेझांस आफ्रिकेन’ या प्रकाशनसंस्थेने १९४९ मध्ये ते पुन्हा छापले आणि संस्थापक अलिऊन दिओप यांनी प्रस्तावना लिहिली. रवांडाचे पाद्री अलेक्सी कागामे यांनी १९५६ मध्ये आपल्या किन्यारवांडा भाषेच्या व्याकरणातून असण्याच्या मूळ कोटी शोधल्या. केनियाचे जॉन म्बिती यांनी १९६९ च्या ग्रंथात काळाचा प्रश्न घेतला. पारंपरिक आफ्रिकी माणसाचा काळ घटनांनी बनतो, घड्याळाने नाही, असे ते म्हणतात. त्यांचे उदाहरण मोठे गोड आहे. आजच्या दक्षिण सुदानमधले लाटुका लोक कडक उन्हाच्या ऑक्टोबरला नुसते ‘सूर्य’ म्हणतात आणि पाणीटंचाईच्या डिसेंबरला ‘मामाला पाणी दे’. इथपर्यंत ठीक. पण त्यावरून म्बिती अशा निष्कर्षाला आले की आफ्रिकी विचारात भूतकाळ अथांग आहे आणि भविष्यकाळ जवळजवळ नाहीच. घानाचे क्वामे ज्येके यांनी तिथल्या अकान भाषेचे दाखले देऊन हे खोडून काढले. पुढच्या पावसासाठी बी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला भविष्य नाही म्हणणे तसेही धाडसाचेच होते.

मग आले पोलँ हुंतोंजी. बेनिनचे हे तरुण प्राध्यापक पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिकलेले, जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लवर प्रबंध लिहिलेले. १९७६ सालच्या त्यांच्या पुस्तकाने टेम्पेल्सपासून म्बितींपर्यंत सगळ्यांना एका रांगेत उभे केले आणि त्या रांगेला नाव दिले ‘एथ्नोफिलॉसॉफी’, म्हणजे जमातीच्या खात्यावर जमा केलेले तत्त्वज्ञान. त्यांचा सवाल साधा होता. ‘बांटू असे मानतात’ या वाक्यातला हा बांटू कोण? त्याचे नाव काय, तो कुणाशी वाद घालतो, आपले मत कधी बदलतो का? अख्खी जमात एकमुखाने जे मानते ती श्रद्धा असेल, रूढी असेल. तत्त्वज्ञान होण्यासाठी कुणीतरी एकाने आपल्या नावावर जबाबदारी घेऊन म्हणणे मांडावे लागते आणि दुसऱ्याने ते खोडावे लागते. म्हणून आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणजे आफ्रिकी माणसांनी तत्त्वज्ञान म्हणून लिहिलेले ग्रंथ, बाकी काही नाही.

हुंतोंजींवर युरोपधार्जिणेपणाचा आरोप झाला, आणि तो सहजासहजी पुसला गेला नाही. आफ्रिकेत लिखाणापेक्षा बोलणे मोठे. मग लिहिणाऱ्यांनाच तत्त्वज्ञ म्हणायचे तर दाराबाहेर कितीजण राहिले? तरी त्यांचा मूळ प्रश्न बिनतोड होता असेच म्हणावे लागते. एखाद्या समाजात सगळे एकसारखाच विचार करतात, हे वर्णन स्तुतीच्या सुरात केले तरी त्या समाजाचा अपमानच असतो.

लिखित परंपरा शोधू लागल्यावर दोन नावे हटकून पुढे येतात. पहिले अँटन विल्हेल्म आमो. आजच्या घानातल्या अक्सिम गावचा हा मुलगा लहानपणीच डच व्यापारी कंपनीच्या जहाजातून युरोपात गेला आणि जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूककडे वाढला. १७२९ मध्ये हाले विद्यापीठात त्याने युरोपातल्या कृष्णवर्णीयांच्या कायदेशीर हक्कांवर प्रबंध मांडला, जो आता उपलब्ध नाही. १७३४ च्या विटेनबर्गमधल्या लॅटिन प्रबंधात त्याने फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला धरले: संवेदना शरीराला होते, मनाला होत नाही, असा त्याचा युक्तिवाद. हाले आणि येना इथे त्याने शिकवलेही. १७४७ च्या सुमारास तो मायदेशी परतला. हुंतोंजींनी आपल्या पुस्तकात आमोवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, पण विचारले हेच, की ज्याचे वाचक, विरोधक आणि विद्यार्थी सगळे जर्मन, त्याला आफ्रिकी तत्त्वज्ञानाच्या खात्यात कसे धरायचे?

दुसरे नाव इथिओपियाच्या झेरा याकोबचे. मलिक अंबरामुळे ‘हबश’, म्हणजे इथिओपिया, हा देश मराठी वाचकाला ऐकून माहीत असतो. अंबर दख्खनेत निजामशाही सांभाळत होता तेव्हा त्याच्या मायदेशात धर्मकलह पेटला होता. राजा सुसेन्योसने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि जुन्या चर्चच्या लोकांवर संक्रांत आली. अक्सुमजवळ १५९९ मध्ये जन्मलेला याकोब थोडे सोने आणि दाविदाची स्तोत्रे घेऊन पळाला आणि दोन वर्षे एका गुहेत राहिला. तिथल्या एकांतातला विचार १६६७ च्या ‘हताता’ म्हणजे ‘विचारणा’ या ग्रंथात आहे. प्रत्येक पंथ आपलाच धर्म खरा म्हणतो, मग निवाडा कशाने करायचा? देवाने दिलेल्या बुद्धीने. उपासतापास, संन्यास, गुलामगिरी, बहुपत्नीत्व या सगळ्यांना तो याच कसोटीवर नापास करतो.

इतके आधुनिक, की संशय यावा. आणि तो आलाच. ग्रंथाची प्रत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जुस्तो द उर्बिनो या इटालियन कापुचिन पाद्रीने पॅरिसला पाठवली होती. १९२० मध्ये कार्लो कोंती रॉसिनी यांनी जाहीर केले की ग्रंथ त्या पाद्रीनेच रचला. अदिस अबाबाचे प्राध्यापक क्लोद सम्नर यांनी नंतर मूळ गीझ भाषेची शैली तपासून याकोबची बाजू घेतली. वाद आजही मिटलेला नाही. ‘आफ्रिकेचा देकार्त’ म्हणून त्याच्या नावाने ढोल वाजवणाऱ्यांनी हा वाद लपवू नये, इतके तरी पथ्य पाळायला हवे.

पण न लिहिणाऱ्यांचे काय? या कोंडीतून सर्वांत कल्पक वाट काढली नैरोबी विद्यापीठाच्या हेन्री ओदेरा ओरुका यांनी. १९७० च्या दशकात ते खेड्यापाड्यांत जाऊन जाणत्या म्हाताऱ्यांशी बोलू लागले. परंपरा काय सांगते, एवढे विचारून ते थांबत नसत; तुम्हाला स्वतःला ती पटते का, आणि का, असे खोदून विचारत. उत्तरांवरून त्यांनी दोन प्रकार पाडले. एक, समाजाचे शहाणपण चोख सांगणारा लोकज्ञानी. दुसरा, त्या शहाणपणालाच प्रश्न करणारा तत्त्वज्ञ. दुसऱ्या प्रकारचे लोक थोडेच निघाले, पण निघाले, नावागावासकट.

त्यांतले एक केनियातल्या लुओ समाजाचे पुढारी पॉल म्बुया अकोको. आमचा देव वेगळा, तुमचा वेगळा, ही लुओंची जुनी समजूत चुकीची होती, असे त्यांनी सांगितले. देव अनेक असते तर त्यांच्या भांडणात निसर्गाची घडी विस्कटली असती. ती विस्कटलेली नाही, म्हणजे देव एकच. दुसरे खुद्द ओरुकांचे वडील, ओरुका रांगिन्या. ते त्याहून पुढे गेले. देवाला व्यक्ती समजणेच चूक, तो एक कल्पना आहे, चांगुलपणाची कल्पना, आणि व्यवहारात उपयोगी पडणारी, असे त्यांचे मत. दोघे एकाच समाजातले, पण एकमत नाही. हुंतोंजींना हवा होता तो वाद इथे आयता सापडतो, पुस्तकाविना.

ओरुकांना एकदा थेट कोर्टाची पायरी चढावी लागली. नैरोबीचे नामवंत वकील एस. एम. ओटिएनो डिसेंबर १९८६ मध्ये वारले. त्यांच्या किकुयू समाजातल्या पत्नी वांबुई यांना त्यांना नैरोबीजवळच्या शेतावर पुरायचे होते; लुओ कुळाला पश्चिमेकडच्या वडिलोपार्जित गावी. खटल्याने सगळा देश ढवळून काढला. लुओ रूढींचे जाणकार म्हणून ओरुकांनी कुळाच्या बाजूने साक्ष दिली. कुळ जिंकले आणि मे १९८७ मध्ये दफन झाले. परंपरा सवाल करणाऱ्याची की कुळाची, हा प्रश्न त्यांच्याच साक्षीने अधिक बोचरा झाला, असे वाटल्यावाचून राहत नाही.

नायजेरियात सोफी ओलुवोले यांनी मौखिक परंपरेचीच बाजू लढवली. योरूबांच्या इफा कौलात २५६ ओडू, म्हणजे कौलाचे आकृतिबंध, आहेत आणि प्रत्येकाला जोडलेल्या पद्यांचा मोठा साठा बाबालावो म्हणजे इफाचे पुरोहित मुखोद्गत ठेवतात. सॉक्रेटिसने तरी काय लिहिले होते, असा त्यांचा बिनतोड सवाल. २०१४ च्या पुस्तकात त्यांनी सॉक्रेटिस आणि इफाचा आद्यगुरू ओरुनमिला यांना समोरासमोर बसवले. घानाचे क्वासी विरेडू यांचा मार्ग वेगळा. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या विरेडूंनी सांगितले की परकीय भाषेतून आलेला प्रत्येक तात्त्विक प्रश्न आपल्या भाषेत विचारून पाहा. अकान भाषेत ‘असणे’ म्हणजे कुठेतरी असणे. मग जागा न व्यापणारा देकार्तचा आत्मा त्या भाषेत नीट उभाच राहत नाही. हा अकानचा दोष की देकार्तचा?

राज्यकर्त्यांनीही तत्त्वज्ञान लिहिले. घानाचे एन्क्रुमा यांचे ‘कॉन्शिएन्सिझम’ १९६४ चे, टांझानियाचे न्येरेरे यांची ‘उजामा’, म्हणजे कुटुंबासारख्या बंधुभावाची कल्पना, १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यातून देशाचे धोरण झाली. सत्तरच्या दशकात टांझानियात लोकांना सक्तीने नव्या गावांत हलवले गेले तेव्हा त्या बंधुभावाची दुसरी बाजूही दिसली.

आज जगभर नाव पोचले आहे ते ‘उबुंटू’चे. माणूस माणसांमुळे माणूस होतो, हा त्याचा गाभा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेत हा शब्द आला. जून १९९५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मक्वान्याने खटल्यात फाशीची शिक्षा रद्द केली, तेव्हा इव्हॉन मोकोरो यांच्यासह अनेक न्यायमूर्तींनी निकालपत्रात उबुंटूचा आधार घेतला. १९९६ च्या अंतिम घटनेतून मात्र तो शब्द गळाला. २००४ पासून त्याच नावाची संगणकप्रणाली जगभर वापरली जाते, आणि व्यवस्थापनाच्या शिबिरांतही तो गुळगुळीत होईपर्यंत घासला जातो. कोर्टात माणसांच्या गळ्याचा प्रश्न होता म्हणून तिथे त्याला धार होती. भित्तिपत्रकावर ती राहत नाही.

त्यामुळे ज्यांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी उबुंटूवरच्या चकचकीत पुस्तकांपासून सुरुवात करू नये. ओरुकांचे १९९० चे ‘सेज फिलॉसॉफी’ मिळवावे. पहिल्या भागात त्यांची मांडणी, दुसऱ्यात जाणत्यांच्या मुलाखती, आणि तिसऱ्यात इतर अभ्यासकांचे लेख आहेत, ओरुकांवर टीका करणाऱ्यांचेसुद्धा. मुलाखती आधी वाचाव्यात.