काच तीच, वेग चाळीसपट!

बीकेसीच्या ऑफिसात तुम्ही एक जडशी फाइल 'सेंड' करता आणि कॉफीचा कप टेबलावर येईपर्यंत ती ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये पोचलेलीही असते. हा प्रवास होतो रस्त्याखालच्या केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून. गंमत म्हणजे, असा धागा अनेकदा १५-२० वर्षांपूर्वीच पुरलेला असतो. रस्ता पुन्हा न खणता (हो, असंही होतं!) त्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढलीय. कशी?

जुनी पद्धत टॉर्चची. लेसर लागला की १, विझला की ०. पलीकडचा फोटोडायोड फक्त उजेड आहे की नाही, एवढंच बघतो. स्वस्त आणि मस्त! सेकंदाला १० गिगाबिट, म्हणजे एक हजार कोटी बिट्सपर्यंत हे छान चाललं. पुढे मात्र काचच आडवी आली. उघडझाप करणाऱ्या लेसरच्या प्रकाशात किंचित वेगवेगळे रंग असतात आणि काचेत प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा. त्यामुळे ठिपका पसरतो आणि शेजारच्यावर सांडतो. वेग दसपट केला की ठिपके दसपट जवळ येतात, वर रंगांचा पसाराही दसपट होतो. म्हणजे अंतर थेट शंभरपट कमी! जिथे १० गिगाबिटचा सिग्नल साधारण ८० किलोमीटर जातो, तिथे याच पद्धतीचा १०० गिगाबिटचा सिग्नल एक किलोमीटरही धड जात नाही. बीकेसीहून निघाला तर कुर्ल्यापर्यंतही नाही!

मग उपाय? प्रकाश ही लाट आहे, हे लक्षात ठेवायचं. लाटेला उंची असते, तशी फेजही असते, म्हणजे ती चढ-उताराच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. फोटोडायोडला फेज दिसत नाही. म्हणून रिसीव्हरमध्येच दुसरा लेसर ठेवतात आणि आलेला प्रकाश त्याच्यात मिसळतात. दोन्ही लाटांच्या मिश्रणातून उंचीही कळते, फेजही. हेच कोहेरंट डिटेक्शन. चार फेज वापरल्या की एका ठोक्याला २ बिट्स. प्रकाशाची कंपनं आडवी आणि उभी, अशा दोन्ही दिशांनी वेगवेगळा डेटा पाठवला की ४. उंचीही कमी-जास्त केली की ८.

कल्पना नवी नाही. १९८०च्या दशकात तिच्यावर भरपूर संशोधन झालं. पण फायबरमधला सिग्नल थेट वाढवणारे ॲम्प्लिफायर आले आणि हे सगळं मागे पडलं. तिला परत आणलं ते वेगवान चिप्सनी. पसरलेला ठिपका चिप गणित करून पुन्हा गोळा करते! २००८मध्ये नॉर्टेलने ४० गिगाबिटची अशी यंत्रणा बाजारात आणली. २०२०मध्ये '४०० झेडआर' हे मानक आलं: शहरातल्या डेटा सेंटर्ससाठी, १२० किलोमीटरपर्यंत, एकाच रंगाच्या प्रकाशावर ४०० गिगाबिट. आणि हे सगळं राउटरमध्ये खोचायच्या बोटभर मोड्यूलमध्ये. माझ्या मते खरी कमाल इथे आहे, कारण पूर्वी याच कामाला वेगळी यंत्रणा लागायची.

घरच्या वाय-फायच्या डब्याशी येणारी फायबर मात्र अजूनही बहुतेक ठिकाणी टॉर्चवरच चालते. तिथे तेवढं पुरतं, आणि घरोघरी दुसरा लेसर बसवायचा खर्च कोण करणार?

एका शत्रूपुढे मात्र चिपही हतबल आहे: जेसीबी. म्हणून शहरातल्या मोठ्या लाइन्स रिंगमध्ये टाकतात. एका बाजूने तार तुटली की डेटा उलट्या बाजूने फिरून येतो.