चौकटीतून काय वगळायचं?

हौशी छायाचित्रण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

“कोणता कॅमेरा घेऊ?” गेली वीस वर्षं मी हौसेनं फोटो काढते आहे आणि नव्यानं या छंदाकडे वळलेल्यांकडून सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच. नवशिक्याला वाटत असतं की आपल्याकडे काहीतरी कमी आहे. कधी लेन्स, कधी प्रवास, कधी सॉफ्टवेअर, कधी लाइक्स. माझा अनुभव उलटा आहे. फोटो बहुतेक वेळा जास्तीनं बिघडतो. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक गोष्ट आणत जातो. फोटो काढणाऱ्यासमोर मात्र सगळं आधीच मांडून ठेवलेलं असतं, त्यातलं काय नको एवढंच त्यानं ठरवायचं असतं. आपल्या हौशी मंडळींत रुजलेले काही समज या नजरेनं तपासून पाहू.

गैरसमज 1 : महागडा कॅमेरा असल्याशिवाय चांगला फोटो येत नाही.

वस्तुस्थिती : 12 मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण 4000 × 3000 बिंदू असतात. इंचाला 300 बिंदू या उत्तम छपाईच्या हिशेबानं त्याची 13 × 10 इंचांची प्रिंट निघते. घरातल्या भिंतीला ती पुरते. कॅमेऱ्याचा फरक पडतो तो दुसरीकडे. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 × 24 मिलिमीटरचा असतो, फोनचा त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणून कमी उजेडात फोनचा फोटो लवकर दाणेदार होतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात लांब उभे असलेले रोहित टिपायचे, तर लांब पल्ल्याची लेन्स लागतेच. पण घरातली माणसं, भाजीबाजार, पाऊस, देवळाच्या ओवरीतली सावली यांना ती लागत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम छोट्या लायका कॅमेऱ्यावर, 50 मिलिमीटरच्या लेन्सनं केलं. फोनवर आजच करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगते. स्क्रीनवर विषयावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. पांढरंफटक पडलेलं आकाश परत येतं, रंगांना वजन येतं.

गैरसमज 2 : फोटोसाठी लडाखला नाहीतर निदान कासला तरी जावं लागतं.

वस्तुस्थिती : पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले योसेफ सुदेक यांनी 1940 ते 1954 या काळात प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवरची वाफ, थेंब, बाहेरचं एक वाकडं झाड, एवढंच सामान. एडवर्ड वेस्टन यांनी ऑगस्ट 1930 मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूनं उजेड मिरचीभोवती फिरवला आणि काही मिनिटांचं एक्सपोजर दिलं. ‘पेपर नंबर 30’ हा तो फोटो छायाचित्रणाच्या इतिहासात जाऊन बसला आहे.

हा प्रयोग आपल्या ओट्यावर होतो. सकाळी नऊच्या सुमाराला स्वयंपाकघरातला दिवा बंद करा. खिडकीपासून हातभर अंतरावर ढोबळी मिरची ठेवा आणि तिच्या मागे लोखंडी तवा भिंतीला टेकवून उभा करा. खिडकीकडची बाजू उजळते, दुसरी काळोखात बुडते, आणि मिरचीच्या फुगीर वळणांवर उजेडाची बारीक रेघ उमटते. आता काळोखाच्या बाजूला वहीचा पांढरा कागद धरा. सावलीत लपलेली वळणं हळूच वर येतात. कागद दूर न्या, ती पुन्हा बुडतात. मिरची थोडी फिरवा, आता ती पाठमोऱ्या बसलेल्या माणसासारखी दिसते. या अर्ध्या तासात कळतं की आपण मिरचीचा नाही, तिच्यावरच्या उजेडाचा फोटो काढतो. दिवा चालू असता तर यातलं काही दिसलं नसतं. इथे पहिली वगळायची गोष्ट होती ती ट्यूबलाइट.

गैरसमज 3 : रूल ऑफ थर्ड्स मोडला की फोटो फसला.

वस्तुस्थिती : चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून विषय रेघांवर ठेवायचा, हा धडा सगळ्यांना पहिल्या दिवशी मिळतो. ‘रूल ऑफ थर्ड्स’ हे नाव जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं 1797 मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला 1839 मध्ये. म्हणजे नियम कॅमेऱ्याहून जुना आहे, आणि तो तोल साधायची एक सवय आहे, कायदा नव्हे. क्षितिज मधोमध ठेवून फोटो दुभंगू नये, यासाठी तो उत्तम. पण साताऱ्याजवळ लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर उभे राहा. ती अष्टकोनी आहे. तिची सगळी ताकद मध्यावर एकवटलेली आहे. तिला एका बाजूला सरकवलं की तिचा आकारच हरवतो. विषय काय म्हणतो ते आधी बघायचं, रेघा नंतर.

गैरसमज 4 : एडिटिंग म्हणजे फसवणूक.

वस्तुस्थिती : “नो एडिट, नो फिल्टर” असं अभिमानानं लिहिणाऱ्यांच्या फोनमध्ये आधीच एडिटिंग झालेलं असतं. आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन जोडतात, दाणे पुसतात, रंग ठरवतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढची कित्येक दशकं त्याच निगेटिव्हच्या प्रिंट काढल्या. सुरुवातीच्या प्रिंटमधलं आकाश फिकट आहे, नंतरच्यात ते जवळजवळ काळं होत गेलं. डार्करूममध्ये कुठे उजेड अडवायचा आणि कुठे जास्त द्यायचा, यात त्यांची अर्धी कला होती.

प्रश्न फोटो दाखवताना तुम्ही काय कबूल केलं आहे, याचा आहे. बातमीच्या फोटोत माणूस पुसला तर ते खोटं. निसर्ग विभागाच्या स्पर्धांमध्ये क्रॉप करून कडा कापता येतात, पण मधली एक फांदीसुद्धा पुसता येत नाही. बाकी ठिकाणी मोकळीक आहे, फक्त घातलेला चंद्र घातला आहे असं सांगावं. माझं स्वतःचं बंधन साधं आहे. उजेड कमी-जास्त करते, कडा कापते, आणि थांबते.

गैरसमज 5 : पाचशे फोटो काढले की एखादा तरी चांगला निघतोच.

वस्तुस्थिती : जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्या वापरत त्या रोलिफ्लेक्समध्ये एका रोलवर 12 फोटो यायचे. बटण दाबण्याआधी निवड करणं भाग होतं. फोननं ते बंधन काढून टाकलं, म्हणून ते आपण घालून घ्यायचं. एखाद्या रविवारी फक्त 12 फोटो काढून घरी या. त्यातले तीन ठेवा, आणि उरलेले नऊ का नकोत हे प्रत्येकाखाली एका ओळीत लिहा. त्या नऊ ओळींतून जेवढं कळतं तेवढं माझ्या पाहण्यातल्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत.

गैरसमज 6 : एकदा नेटवर टाकला की फोटो सगळ्यांचा झाला.

वस्तुस्थिती : कॉपीराइट अ‍ॅक्ट, 1957 नुसार फोटोवरचा हक्क क्लिक करताच निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर हक्क काम देणाऱ्याकडे जातो. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि जो हक्क आपला तोच दुसऱ्याचाही. गूगलवर सापडलेला फोटो विचारल्याशिवाय आपल्या पोस्टरवर लावायचा नसतो.

गैरसमज 7 : जागा सांगितली नाही म्हणजे आप्पलपोटेपणा.

वस्तुस्थिती : सेटिंग, लेन्स, वेळ, एडिटिंग सगळं मोकळेपणानं सांगावं. पण घरट्याचा पत्ता सांगू नये. एकाला कळलं की आठवड्यात गर्दी होते, पक्षी घाबरून घरट्यावर यायचे थांबतात. फाइलच्या पोटातही पत्ता असू शकतो. फोनचं लोकेशन चालू असेल तर तो फोटोत नोंदला जातो आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की तसाच पुढे जातो. पाठवण्याआधी तो काढून टाका. वगळण्याची कला इथे जीव वाचवते.

गैरसमज 8 : भरपूर लाइक्स आले, म्हणजे फोटो चांगला.

वस्तुस्थिती : हौशी लोकांनी एकमेकांना फोटो दाखवणं ही इंटरनेटची देणगी नाही. मुंबईत 1854 मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. 1856 ते 1858 या काळात मुंबईतून ‘द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ निघत होता आणि त्यात खऱ्याखुऱ्या प्रिंट चिकटवलेल्या असत. एवढा खटाटोप करून लोक एकमेकांना काम दाखवत, कारण एकट्याला आपली चूक दिसत नाही.

मलाही दिसली नव्हती. शेजारच्या मावशी अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. सकाळचं तिरपं ऊन, पांढऱ्या कुरडयांवर त्यांचा सुरकुतलेला हात. फोटो आमच्या ग्रुपवर टाकला आणि बदाम, टाळ्या, ‘अप्रतिम’ यांचा पाऊस पडला. फक्त एका ज्येष्ठ सभासदानं लिहिलं, “हात सुंदर. पण उजव्या कोपऱ्यातली निळी बादली बघितलीत का?” मी बघितली नव्हती. आता मात्र बादलीशिवाय काही दिसेना. प्लॅस्टिकचा तो भडक निळा रंग डोळ्याला हाताकडे जाऊच देत नव्हता.

त्या एका ओळीनं मला जे दिलं ते साठ बदामांनी दिलं नव्हतं. तेव्हापासून बटण दाबण्याआधी मी चौकटीचे चारही कोपरे फिरून येते. फोटो टाकताना नुसता टाकत नाही, एक प्रश्न जोडते. ‘नजर आधी कुठे जाते?’ ‘काय काढून टाकावं?’ दुसऱ्याच्या फोटोवरही आधी काय आवडलं ते नेमकं लिहिते, मग एकच सुधारणा सुचवते. प्रश्न विचारला की लोक उत्तर द्यायला थांबतात, आणि पाहायला शिकतात.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा मावशींकडे गेले, त्यांना फोनवर फोटो दाखवला आणि बादलीचं सांगितलं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरून नीट पाहिला. मग काही न बोलता उठल्या, बादली उचलून पडवीत ठेवून आल्या, आणि कुरडयांच्या शेजारी बसून हात पुढे करत म्हणाल्या, “घे आता.”