अडथळ्यांची शर्यत

धावण्याच्या शर्यतीत वेगाची परीक्षा होते आणि उडीच्या स्पर्धेत पायांच्या बळाची. ह्या दोहोंची एकाच वेळी कसोटी पाहणारा एक क्रीडाप्रकार आहे. त्यास अडथळ्यांची शर्यत असे म्हणतात. शाळेच्या क्रीडामहोत्सवात ठराविक अंतरावर चौकटी मांडून ही शर्यत घेतलेली तुम्ही पाहिली असेल. पाहणाऱ्यास वाटते की, धावत यावे, उडी मारावी आणि पुन्हा धावावे, एवढेच तर ह्यात आहे! परंतु ह्या शर्यतीचे शास्त्र समजून घेतले, म्हणजे ती किती अवघड आहे हे ध्यानात येते.

ह्या शर्यतीचा जन्म इंग्लंडात झाला. तेथील मेंढपाळ आपल्या मेंढ्या कोंडण्यासाठी हलवता येण्याजोगी लाकडी फाटके वापरीत असत. अशी फाटके ओळीने उभी करून त्यांवरून धावत जाण्याची चढाओढ विद्यार्थ्यांमध्ये सुरू झाली आणि तिचेच पुढे नियमबद्ध शर्यतीत रूपांतर झाले. आरंभी हे अडथळे जमिनीत घट्ट रोवलेले असत. त्यांना पाय लागला की धावणारा तोंडघशी पडे. पुढे इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचा अडथळा प्रचारात आला. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूस असतात. त्यामुळे धक्का लागताच तो पुढच्या बाजूस सहज उलथतो आणि धावणाऱ्यास फारशी इजा होत नाही.

पुरुषांच्या 110 मीटर शर्यतीत असे 10 अडथळे असतात. प्रत्येकाची उंची 106.7 सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट असते. आरंभरेषेपासून पहिला अडथळा 13.72 मीटरांवर, त्यानंतरचा प्रत्येक अडथळा 9.14 मीटरांवर आणि शेवटच्या अडथळ्यापासून अंतिम रेषा 14.02 मीटरांवर असते. ह्या अंकांची बेरीज करून पाहा. ती बरोबर 110 भरेल. दोन अडथळ्यांच्या मध्ये धावपटू केवळ तीन पावले टाकतो. चौथे पाऊल अडथळ्यापलीकडे पडते. तीनांची चार पावले झाली, तर पुढच्या अडथळ्याशी भलताच पाय पुढे येतो आणि सारी लय बिघडते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. उत्तम धावपटू अडथळ्यावरून उंच उडी मारीत नाही. तो अडथळा ओलांडतो. असे का? माणसाचा पाय जमिनीस टेकलेला असतो, तेव्हाच त्याला जमिनीस मागे रेटून वेग वाढवता येतो. तो हवेत असतो, तोपर्यंत वेग वाढविण्याचा कोणताही उपाय त्याच्या हाती नसतो. जितकी उडी उंच, तितका हवेत काळ अधिक. आणि जितका काळ हवेत अधिक, तितका वेळ वाया. म्हणून कुशल धावपटू एक पाय पुढे सरळ फेकतो, धड पुढे झुकवितो, मागचा पाय गुडघ्यात दुमडून बाजूने ओढून घेतो आणि अडथळ्याच्या अगदी लगटून पलीकडे जातो. ओलांडताना चुकून अडथळा पडला, तरी तो बाद होत नाही. मात्र कोणी मुद्दाम हातापायाने तो पाडला, तर पंच त्यास बाद ठरवितात.

ह्या शर्यतीत महाराष्ट्राच्या धावपटूंनी चांगले नाव मिळविले आहे. मुंबईचे सिद्धांत थिंगळाया यांनी 2017 साली 13.48 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. सात वर्षांनी, 22 मे 2024 रोजी, फिनलंडमधील स्पर्धेत महाराष्ट्राच्याच तेजस शिरसे यांनी 13.41 सेकंदांत अंतर तोडून तो विक्रम मागे टाकला. सात शतांश सेकंदांच्या सुधारणेस सात वर्षे लागली, ह्यावरून ह्या खेळातील एका क्षणाचे मोल किती, ते कळून येईल.

अडथळ्यांच्या शर्यतीचा दुसराही एक प्रकार आहे. त्याचे इंग्रजी नाव स्टीपलचेस असे आहे. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचे निमुळते शिखर. पूर्वी आयर्लंड व इंग्लंड ह्या देशांत एका गावच्या चर्चचे शिखर नजरेसमोर ठेवून, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत, तेथवर घोडे दौडविण्याच्या शर्यती होत. घोड्यांची ही शर्यत पुढे माणसे पायी धावू लागली. वाटेतील कुंपणाच्या जागी आडवा खांब आला आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला.

ही शर्यत 3000 मीटरांची असते. तीत 28 आडवे खांब आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा, असे एकूण 35 अडथळे पार करावे लागतात. पुरुषांसाठी खांबाची उंची 91.4 सेंटिमीटर असते. पहिल्या प्रकारातील अडथळ्यापेक्षा तो ठेंगणा खरा. पण तो धक्क्याने पडत नाही. त्याचे वजन 80 ते 100 किलोग्रॅम असते. ज्याचा पाय त्याला अडखळला, तोच खाली येतो. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब असून खांबाजवळ तो सर्वांत खोल असतो. पुढे तळ चढत जाऊन जमिनीशी मिळतो. म्हणजे जो जितका लांब झेपावेल, तितके त्याला पाणी कमी लागेल. बहुतेक धावपटू एक पाय खांबावर टेकवून पुढे झेप घेतात, दुसऱ्या पायाने उथळ पाण्यात उतरतात आणि लगेच पुढचे पाऊल कोरड्या धावमार्गावर टाकतात. शिवाय येथे प्रत्येकास स्वतंत्र मार्गिका नसते. पंधरासोळा जण एकाच घोळक्याने धावतात. त्यामुळे पुढच्या माणसाच्या पाठीआड खांब दिसेनासा होतो आणि भिजलेले बूट घेऊन दमलेल्या पायांनी अखेरचे खांब ओलांडावे लागतात.

ह्या शर्यतीत भारताचे नाव जगापुढे नेणारे धावपटू म्हणजे अविनाश साबळे होत. त्यांचा जन्म 13 सप्टेंबर 1994 रोजी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा ह्या गावी झाला. (1942 च्या लढ्यातील हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध असलेली आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे, ही आष्टी ती नव्हे.) हा मुलूख कमी पावसाचा. आईवडील शेतकरी. गावातून शाळेस जाण्यासाठी वाहन नव्हते. त्यामुळे लहानग्या अविनाशला सहा किलोमीटरांच्या आसपास वाट पायी तुडवावी लागे. बारावीनंतर ते भारतीय सेनेच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनची हिमनदी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर ह्या तिन्ही ठिकाणी त्यांनी सेवा केली. धावण्याच्या स्पर्धांकडे ते वळले, ते सेनेत गेल्यावरच. प्रशिक्षक अमरीशकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी स्टीपलचेसचा अभ्यास आरंभिला आणि 2018 साली भुवनेश्वर येथे 8 मिनिटे 29.80 सेकंदांत शर्यत पुरी करून गोपाल सैनी यांचा 1981 पासून अबाधित असलेला राष्ट्रीय विक्रम मोडला.

पुढील वर्षी कतार देशातील दोहा येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. 1 ऑक्टोबर 2019 रोजी प्राथमिक फेरी होती. धावता धावता दुसऱ्या एका स्पर्धकाच्या अडखळण्यामुळे साबळे यांची वाट अडली आणि त्यांचा वेग मोडला. तरीही त्यांनी शर्यत सोडली नाही. ते 8 मिनिटे 25.23 सेकंदांत अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. हा नवा राष्ट्रीय विक्रम होता. परंतु अंतिम फेरीत जाण्यास तो पुरेसा नव्हता. तेव्हा भारतीय पथकाने नियमाप्रमाणे रीतसर हरकत नोंदविली. ती ग्राह्य धरण्यात आली आणि साबळे यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले. 4 ऑक्टोबरच्या त्या अंतिम शर्यतीत केनियाचे कॉन्सेसलस किप्रुटो यांनी इथिओपियाच्या लामेचा गिरमा यांना केवळ एका शतांश सेकंदाने मागे टाकले. साबळे तेरावे आले. परंतु 8 मिनिटे 21.37 सेकंदांची नोंद करून त्यांनी तीनच दिवसांपूर्वीचा स्वतःचाच विक्रम मोडला.

त्यानंतर आला 6 ऑगस्ट 2022 हा दिवस. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा चालू होत्या. 1998 पासून ह्या शर्यतीतील सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाचेच धावपटू घेऊन जात असत. ह्या वेळीही केनियाचे तीन वीर मैदानात होते आणि त्यांत दोहाचे विजेते किप्रुटोही होते. साबळे त्यांच्या बरोबरीने धावले, एकेकाला मागे टाकीत गेले आणि अखेरच्या सरळ मार्गावर त्यांच्यापुढे एकटे अब्राहम किबिवोट उरले. किबिवोट यांनी 8 मिनिटे 11.15 सेकंदांत अंतिम रेषा ओलांडली, साबळे यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत. रौप्यपदक भारताला मिळाले.

आता थोडे गणित करू. 8 मिनिटे 11.20 सेकंद म्हणजे 491.20 सेकंद. 3000 मीटरांस ह्या संख्येने भागले, म्हणजे एका सेकंदात सुमारे 6.1 मीटर असा सरासरी वेग येतो. दोघांमधील फरक 0.05 सेकंदाचा होता. ह्या वेगाने तेवढ्या वेळात सुमारे 30 सेंटिमीटर अंतर कापले जाते. ते तुमच्या फूटपट्टीएवढे आहे! तीन किलोमीटर धावून झाल्यावर सुवर्ण आणि रौप्य ह्यांच्यामध्ये एक फूटपट्टी उरली. आणखी एक हिशेब पाहा. 0.05 सेकंद हा काळ 35 अडथळ्यांवर वाटून दिला, तर प्रत्येक अडथळ्याच्या वाट्यास एका सेकंदाचा सातशेवा भाग येतो. पापणी लवण्यास ह्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. रोजच्या सरावात एकच खांब शेकडो वेळा का ओलांडावयाचा, ह्याचे उत्तर ह्या भागाकारात आहे.

1 ऑक्टोबर 2023 रोजी चीनमधील हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत साबळे यांनी 8 मिनिटे 19.50 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ह्या शर्यतीत आशियाई सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय पुरुष होत. 7 जुलै 2024 रोजी पॅरिस येथे त्यांनी 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पण त्या दिवशी त्यांचा क्रमांक सहावा होता. पुढच्याच महिन्यात, त्याच शहरी, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ते अकरावे आले. ह्या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोहोचलेले ते पहिले भारतीय पुरुष होते. 2025 साली दक्षिण कोरियातील गुमी येथे ते आशियाई अजिंक्यवीर झाले. ह्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर एक मौज दिसते. सुवर्ण मिळाले त्या शर्यतीपेक्षा सहावा क्रमांक आलेल्या शर्यतीत ते सुमारे साडेनऊ सेकंद अधिक वेगाने धावले होते. पदक हे त्या दिवशी सोबत धावणाऱ्यांवर अवलंबून असते. घड्याळ मात्र आपली स्वतःची प्रगती सांगते.

मुलांनो, ह्या शर्यतीतील अडथळे मोजलेले असतात. खांबाची उंची सर्वांना सारखी, पाण्याची खोली सर्वांना सारखी. सेनेतला जवान असो की मोठ्या शहरातला खेळाडू असो, 35 अडथळे कोणालाही चुकत नाहीत. त्यांविषयी कोणी तक्रारही करीत नाही. त्यांसाठीच तर शर्यत असते. दोहा येथे साबळे यांच्या वाटेत आला, तो नियमाबाहेरचा छत्तिसावा अडथळा होता. त्याविषयी दाद मागणे न्याय्यच होते. परंतु दाद मागण्याआधी त्यांनी काय केले, तेही विसरू नका. ते थांबून राहिले नाहीत. त्यांनी मोडलेला वेग पुन्हा सावरला आणि उरलेले सारे खांब ओलांडून शर्यत पुरी केली. ती अर्ध्यावर सोडली असती, तर पंचांपुढे ठेवण्यास त्यांच्यापाशी काय उरले असते?