बुजरा माणूस आणि डेटिंग ॲप

डेटिंग ॲप म्हटले की श्रोत्यांतील निम्मी मंडळी गालांत हसतात आणि उरलेली भुवया उंचावतात. आम्ही या विषयाकडे वळलो ते कामगार संघटनेच्या वाटेने. चाकणच्या पट्ट्यात आम्हांला पुष्कळ तरुण भेटतात. गाव दूर, चौघांत एक खोली, पाळीची नोकरी. त्यांतला एखादा यंत्रापुढे वाकबगार असतो. पण चार माणसांत नाव सांगायची वेळ आली की त्याच्या तळहाताला घाम फुटतो. असा तरुण जोडीदार शोधण्यासाठी फोन हाती घेतो तेव्हा त्याचे काय होते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम या भयाचे स्वरूप पाहू. साधा लाजाळूपणा ओळख झाली की ओसरतो. येथे मात्र ‘लोक आपल्याला जोखतील, आपले हसे होईल’ ही धास्ती इतकी बळावते की माणूस जेवणाची सुट्टीसुद्धा एकटा काढतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली त्याची घडण उलगडून दाखविली. असा माणूस समोरच्याकडे पाहतच नाही. आपला आवाज कापतो आहे काय, चेहरा लाल झाला काय, इकडेच त्याचे सारे लक्ष. मग तो नजर चुकवितो, वाक्ये मनात घोकतो, लवकर निघून जातो. तेवढ्यापुरती सुटका होते. पण बोललो असतो तरी आभाळ कोसळले नसते, हे कळण्याची संधीही हुकते. चुकविल्याने भय वाढते, ते असे.

आता ॲप पाहा. टिंडर २०१२ साली निघाले. दोघांनी परस्परांना पसंत केल्यावाचून तेथे संभाषण सुरू होत नाही, त्यामुळे तोंडावर नकार येत नाही. मजकूर खोडून पुन्हा लिहिता येतो. बुजऱ्या माणसाला ही मोठीच सोय आहे. अमेरिकेत मायकेल रोझेनफेल्ड व सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के इंटरनेटवरून भेटली होती. तेव्हा या मार्गाची थट्टा करण्याचे कारण नाही.

परंतु या सोयीतच खोच आहे. पडद्यावरचे बोलणे सोपे, म्हणून माणूस तेथेच रमतो आणि प्रत्यक्ष भेट पुढे ढकलीत राहतो. ओहायोतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, भिडस्तपणाच्या जोडीला एकाकीपणा असलेल्या विद्यार्थ्यांत ॲप हातातून न सुटण्याची प्रवृत्ती अधिक होती. मालकाचे हित कोठे आहे, हे पाहण्याची आमची जुनी खोड. वर्गणी भरणारे गिऱ्हाईक जोडी जमली की निघून जाते. शोधत राहिले तर टिकते. हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट मौनाची. लंडन व न्यूयॉर्क येथील टिंडरविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पुरुषांच्या नावाने केलेल्या पसंतींपैकी शेकडा एकाहूनही कमी पसंतींना प्रतिसाद मिळाला. स्त्रियांच्या नावाने केलेल्या शंभरांतील सुमारे दहांना. म्हणजे पुरुषाच्या वाट्याला येणारे मौन बहुतांशी अंकगणित आहे. बुजरा माणूस मात्र ते स्वतःच्या लायकीवरचा निकाल समजतो.

मग उपाय कोणता? पुढे मानसोपचारात नाव काढलेले अल्बर्ट एलिस एकोणिसाव्या वर्षी स्त्रियांशी बोलायला घाबरत. त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी: न्यूयॉर्कच्या एका वनस्पती-उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की मिनिटभरात बोलायचे, असा नेम त्यांनी केला. महिन्यात १३० जणी झाल्या. ३० उठून गेल्या, १०० बोलल्या. भेटीचा वायदा एकीनेच केला आणि तीही आली नाही. एलिसांचे भय मात्र गेले.

अनोळखी स्त्रियांना बागेत गाठा, असे आम्ही सांगत नाही. दोघांच्या संमतीने बोलणे सुरू होते, हा ॲपचा गुणच आहे. घ्यायचे ते पायरीचे तत्त्व. गेट-सभेसाठी नवा कार्यकर्ता तयार करताना आम्ही त्याला आधी दोन ओळींची सूचना वाचायला देतो, मग प्रश्न विचारायला लावतो, भाषण त्यानंतर. तसेच येथेही करावे. दिवसाचा वेळ ठरवून घ्यावा. आठ-दहा दिवस बोलणे झाले की फोनवर आवाज ऐकावा, मग गजबजलेल्या ठिकाणी अर्धा तास चहा. बोलताना आपल्या घामाकडे न पाहता समोरची व्यक्ती काय सांगते इकडे लक्ष द्यावे. नकार आला तर तो मानून थांबावे.

एवढ्यानेही भय हटत नसेल तर तज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनामूल्य आहे. आणि वडीलधाऱ्यांना एक विनंती. असा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर ‘त्यात काय एवढे’ असे म्हणू नका. चार पाहुण्यांसमोर त्याला चहा नेऊन द्यायला सांगा आणि तो कसा वागला यावर चकार शब्द काढू नका. पहिली पायरी घरातच चढता येते.