मार्सियाकचा जाझ-उत्सव

नैर्ऋत्य फ्रान्समधील मार्सियाक हे सुमारे १२०० वस्तीचे गाव. तेथे १९७८ साली जाझ संगीताचा उत्सव सुरू झाला. बिल कोलमन हे अमेरिकन ट्रंपेटवादक आणि गी लाफित हे फ्रेंच सॅक्सोफोनवादक अशा बुजुर्गांचा त्याला आधार लाभला. परंतु जाझमध्ये ऐनवेळच्या कल्पनेला मान. ती विद्या केवळ पुस्तकातून येत नाही, जाणत्याच्या सहवासात मुरते. तेव्हा बुजुर्गांमागून कोण? गावची शाळाच बंद पडण्याच्या बेतात होती. १९९३ साली तीत जाझचे वर्ग निघाले आणि शाळा तगली. त्या वर्गांत शिकलेले एमिल पारिझियाँ पुढे नामांकित सॅक्सोफोनवादक झाले व त्याच उत्सवाच्या मंचावर उभे राहिले. उत्सव गाजतो पाहुण्यांमुळे. टिकतो मात्र गावात शिकलेल्या मुलांमुळे.