आधी कारण, मग परिणाम

एका ठिकाणच्या घटनेचा परिणाम दूर पोचायचा तर तो मधली जागा ओलांडूनच पोचतो, हे स्थानिकतेचे तत्त्व. तो कारणाच्या आधी होत नाही, हे कार्यकारणभावाचे. उदाहरणार्थ, पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के जाणवू लागले. तिथला हादरा सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने खडकातून सरकतो. सुमारे १२० किलोमीटरवरच्या मुंबईतल्या कुलाब्याला पोचायला त्याला वीसेक सेकंद लागतात. प्रकाशाला तेवढ्याच अंतरासाठी सेकंदाचा अडीच हजारावा भाग पुरतो. त्याहून लवकर काहीच पोचू शकत नाही.

याहून कमी वेळाच्या फरकाने डहाणूत आणि कुलाब्यात एकेक घटना घडली, तर आधी कोणती हे सर्वांसाठी एकच ठरत नाही. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धान्तानुसार वेगवेगळ्या गतीने जाणाऱ्या निरीक्षकांना त्यांचा क्रम उलटसुलट दिसू शकतो. अशा घटना एकमेकींवर परिणाम करत असत्या, तर कुणाला तरी परिणाम आधी आणि कारण नंतर दिसले असते. म्हणून अतिसूक्ष्म कणांचे वर्णन करणारा पुंजक्षेत्र सिद्धान्त एक कडक अट घालतो: अशा दोन जागी केलेल्या मापनांपैकी कोणते आधी केले, याने निष्पत्ती बदलता कामा नये.

ही अट दिसते साधी, पण तिच्यातून निघते ते विलक्षण आहे. केवळ कण धरून गणित केले, तर प्रकाशाला मागे टाकणारा अंश उरतोच. विद्युतभारित कणाच्या बाबतीत तो पुरता पुसला जातो तो तितक्याच वस्तुमानाच्या, उलट भाराच्या प्रतिकणामुळे. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, पॉझिट्रॉन, १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांना सापडला. या दोघांची टक्कर झाल्यावर ते कसे विखुरतात, याचे सूत्र मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. जगभर ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

या अटीला एक अपवाद भासू शकतो: पुंजगुंतणीने (एंटँगलमेंट) जोडलेल्या कणांच्या मापनांत दुरूनही मेळ आढळतो, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. पण एका टोकाला काय मोजायचे ते बदलून दुसऱ्या टोकाला निरोप पाठवता येत नाही. अट मोडत नाही.

कार्यकारणभावाच्या तत्त्वातून थेट आकडेही काढता येतात. परिणाम कारणाआधी होत नसेल, तर एका ऊर्जेला कण कसे विखुरतात याचा इतर ऊर्जांवरच्या वर्तनाशी संबंध जुळतो. दीर्घकाळ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या एस. एम. रॉय यांनी १९७१ मध्ये पायॉन नावाच्या दोन अतिसूक्ष्म कणांच्या टकरीसाठी हा संबंध प्रत्यक्ष मोजता येणाऱ्या राशींच्या समीकरणांत मांडला. सैद्धान्तिक भौतिकीला मिळालेली ही मोठी देणगी आहे. २००१ मध्ये याच समीकरणांना पायॉनांच्या सममितीच्या सिद्धान्ताची जोड देऊन पायॉनांमधील आंतरक्रियेची एक मूलभूत राशी ०.२२० इतकी काढली गेली. पुढे सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत केऑन या दुसऱ्या कणांच्या विघटनावरून केलेली मोजमापे तिच्याशी जुळली.